शेरा

दुबाशसाहेबांच्या वहीत, कंदीलच्या नावापुढे,
लाल शाईनं एकच शब्द होता.
बाबांनी तो सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूवर
चित्र काढावं तसा उतरवून आणला,
शेवटचं टी घसरून खाली आलेलं.
महालक्ष्मीच्या तबेल्यात अठरा वर्षं मोतद्दार,
पण इंग्रजी कागद घरी आणायची ही पहिलीच वेळ.
"बघ गं, काय लिहिलंय माझ्या घोड्याला."

मी अकरावीत. सात रस्त्याच्या वाचनालयात
जाडी डिक्शनरी साखळीनं टेबलाला बांधलेली.
रिकॅल्सिट्रंट. विशेषण.
न जुमानणारा, हुकूम न मानणारा.
आणि खाली बारीक टाइपात, मूळ लॅटिन:
टाचा मागे झाडणारा.
म्हणजे कुणीतरी कधीकाळी
आधी लाथ खाल्ली
आणि मग हे विशेषण केलं.

घरी येऊन म्हटलं, अडेलतट्टू.
बाबा ताटावरून उठायचेच बाकी होते.
"तट्टू? तट्टू माथेरानला असतात.
हा थरोब्रेड आहे. याची आजी डर्बी धावलेली."
मग नाठाळ म्हणून पाहिलं. आडमुठा. हेकट. मुजोर.
"मुजोर तो टॅक्सीवाला. हेकट तुझी आत्या.
कंदील फक्त त्या लोखंडी खणात शिरत नाही,
शर्यत सुटते तिथल्या.
बाकी नाल ठोकायला पाय देतो,
खिशातला गूळ मागून खातो.
एका गोष्टीला नाही म्हटलं,
तर तेवढ्यासाठी अख्खं विशेषण?"

व्याकरणाच्या पुस्तकात मला याचं उत्तर सापडलं नाही.

शब्द मात्र आमच्या खोलीत राहायला आला,
शेपूट गळून, रिकल्सी होऊन.
स्टोव्ह रिकल्सी.
ओल खाऊन फुगलेलं गॅलरीचं दार रिकल्सी.
सुट्टे नसले की बेस्टचा कंडक्टर.
आईचा गुडघा.
मी सांगायची, बाबा, असं कशालाही नाही लागत ते.
ज्याला मन आहे आणि ज्याला हुकूम मिळतो,
त्यालाच लागतं.
बाबा तंबाखू मळत म्हणायचे,
"गुडघ्याला हुकूम मिळत नाही होय?
विचार तुझ्या आईला. चार मजले, दोन कळशा."

मार्चमध्ये पाच जणांनी डोळ्यांवर पट्टी बांधून
कंदीलला मागून रेटलं.
चाबूक बाबांच्या हातात दिला.
बाबांनी तो घेतला, नीट गुंडाळला,
तबेल्यापर्यंत चालत गेले
आणि खुंटीला लावून परत आले.

संध्याकाळी वही पुन्हा उघडली.
या वेळी पाकिटावर काही उतरवून आणलं नाही.
वाचता कुठे येत होतं,
पण तो शब्द ते आता चेहऱ्यानं ओळखत होते.
आठ दिवसांचा पगार गेला.
भात कालवत एवढंच बोलले,
"एकाच पानावर आहोत. तो वर, मी खाली."

कंदील पुण्याला विकला. पुढचं ठाऊक नाही.

मला बघायला फलटणकडचे पाहुणे आले,
तेव्हा मी बी.ए.ला नाव घालून तीन महिने झाले होते.
मुलाची मावशी म्हणाली, "जरा चालून दाखव, बाळ."
मी बसून राहिले,
दोन्ही टाचा फरशीला टेकवून.
"ऊठ की," आई पुटपुटली.
पंख्याचा आवाज तेवढा.

बाबांनी घसा खाकरला.
"पोरगी आमची रिकॅल्सिट्रंट आहे."
पूर्ण म्हणाले. शेवटच्या टीसकट.

मावशी चहाचा कप खाली ठेवत म्हणाली,
"अगंबाई! म्हणजे परीक्षा दिली वाटतं?"

बाबा म्हणाले,
"हो. पहिल्या वर्गात."